गोवराची साथ आणि आपले घर : कार्ड तपासण्यापासून साथ ओसरेपर्यंत काय करावे

गोव्यात लसीला उघड नकार देणारे पालक मला फारसे भेटलेले नाहीत. भेटतात ते पुढे ढकलणारे. पहिल्या नऊ-दहा महिन्यांत आरोग्य केंद्राची प्रत्येक तारीख काटेकोरपणे पाळणारी आई, बाळ दीड वर्षाचे होऊन तिची स्वतःची नोकरी पुन्हा सुरू झाली की एक तारीख सर्दीमुळे चुकवते, दुसरी घरातल्या लग्नामुळे आणि तिसरी चतुर्थीमुळे. अशा रीतीने गोवर-रुबेला लसीचा दुसरा डोस कोणाच्याही मनात विरोध नसताना राहून जातो. लसविरोधकांशी वाद कसा घालावा यावर पुष्कळ लिहिले जाते, परंतु साथ पसरण्यासाठी अशा राहून गेलेल्या डोसांची बेरीज पुरेशी असते. म्हणून या लेखात आधी घरातले कार्ड, मग राहिलेला डोस, मग मनातली शंका आणि शेवटी प्रत्यक्ष पुरळ व साथ, या क्रमाने काय करावे ते सांगितले आहे.

सुरुवातीला आजाराची ओळख

गोवराचा विषाणू खोकल्या-शिंकेतून हवेत पसरतो आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही सुमारे दोन तास त्या हवेत टिकू शकतो. ज्या समूहात कोणालाच प्रतिकारशक्ती नाही तेथे एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना आजार देतो, आणि इतके सांसर्गिक आजार फार थोडे आहेत. लागण झाल्यावर साधारण दहा दिवसांनी ताप येतो आणि चौदा दिवसांच्या सुमारास पुरळ उठते. पण रुग्ण पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून ते उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत आजार पसरवत असतो. मुंबई, पुणे आणि आखातातून आलेल्या नातेवाइकांनी भरलेल्या चतुर्थीच्या घरात एखाद्या मुलाला नुसती सर्दी-तापाची कणकण आहे असे वाटत असते, तेव्हाच आरतीला जमलेल्या सगळ्या लहान मुलांचा त्याच्याशी संपर्क झालेला असतो.

दुसऱ्या डोसाचे महत्त्व एका साध्या हिशेबातून कळते. नऊ महिन्यांच्या वयात दिलेला पहिला डोस शंभरपैकी सुमारे ८५ बाळांना संरक्षण देतो, आणि दोन्ही डोस झाले की हे प्रमाण ९७ च्या आसपास जाते. एखाद्या गावात नऊ महिने ते पाच वर्षे वयाची शंभर मुले आहेत आणि त्यांतल्या ९५ जणांनी फक्त पहिला डोस घेतला आहे असे धरले, तर संरक्षण मिळालेली मुले ८१ च निघतात आणि १९ उघडी राहतात. त्याच ९५ जणांनी दोन्ही डोस घेतले तर उघड्या राहणाऱ्यांची संख्या ८ वर येते. साथ रोखण्यासाठी ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळाले पाहिजेत असे सांगितले जाते, त्यामागे हे गणित आहे. उघड्या राहिलेल्या आठांमध्येही नऊ महिने पूर्ण न झालेली बाळे धरलेली नाहीत. त्यांचे संरक्षण बहुतांशी आजूबाजूच्या मोठ्या मुलांच्या डोसांवर अवलंबून असते.

हे केवळ कागदावरचे नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या परिसरातून वाढलेली साथ पुढे भिवंडी आणि मालेगावपर्यंत गेली. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात सातशेहून अधिक रुग्ण सापडले, लस न घेतलेली दोन मुले दगावली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅनडाने आपले गोवरमुक्त देशाचे स्थान गमावले. ज्या राज्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, ज्याचे तारवटी, म्हणजे जहाजांवर नोकरी करणारे लोक, जगभर फिरतात आणि ज्याच्या सीमेवरून सिंधुदुर्ग व बेळगावची माणसे रोज ये-जा करतात, त्या राज्याने ही दूरची बातमी समजू नये.

पहिली पायरी : कार्ड शोधून नीट वाचणे

माता-बाल संरक्षण कार्ड बाहेर काढा आणि त्यात दोन नोंदी शोधा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, बाळ वर्षाचे होण्याच्या आत दिला जातो. दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान, त्रिगुणी आणि पोलिओच्या बूस्टरसोबत, दिला जातो. छापील रकान्यात पेन्सिलने लिहिलेली तारीख बऱ्याचदा पुढच्या भेटीची असते, डोस दिल्याची नसते. ही गफलत मी शिकलेल्या पालकांकडूनही झालेली पाहिली आहे. डोस दिल्याची तारीख, शक्य तेथे लसीचा बॅच क्रमांक आणि देणाऱ्याची सही दिसली तरच ती नोंद खरी धरावी.

गोव्यात अनेक मुलांच्या लसी अर्ध्या सरकारी केंद्रात आणि अर्ध्या खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे झालेल्या असतात, आणि दोन ठिकाणची दोन पुस्तके एकमेकांना ओळखत नाहीत. खाजगी दवाखान्यात बहुधा गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस देतात. तीही गोवराचा डोस म्हणून धरली जाते, त्यामुळे सरकारी कार्डातील रकाना रिकामा दिसला म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही, पण दोन्ही पुस्तके समोर ठेवून एकाच कागदावर सर्व तारखा उतरवून घ्याव्यात. आता सरकारी लसीकरणाच्या नोंदी यू-विन या पोर्टलवरही होतात, त्यामुळे तुमच्या मोबाइल क्रमांकावर बाळाची नोंद आहे की नाही हे परिचारिकेला विचारून घ्या. सावंतवाडी, बांदा किंवा खानापूरच्या केंद्राचे कार्ड गोव्यातही चालते; केवळ राज्य बदलले म्हणून सगळे पहिल्यापासून सुरू करण्याची गरज नसते.

कार्ड हरवले असेल आणि कोठेच नोंद सापडत नसेल, तर «दिला असेल बहुतेक» या आठवणीवर विसंबू नये. आधीच संरक्षण असलेल्या मुलाला आणखी एक डोस मिळाल्याने अपाय होत नाही. न मिळालेला डोस मिळाला असे समजणे मात्र महागात पडते.

मोठ्या मुलांबाबत एक गोष्ट लक्षात असू द्यावी. फेब्रुवारी २०१७ मध्ये देशात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यात कर्नाटक, तामिळनाडू, पुदुच्चेरी आणि लक्षद्वीपसोबत गोवाही होता, आणि नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना, आधी किती डोस झाले आहेत हे न पाहता, एक डोस देण्यात आला होता. त्या वयोगटातले अनेकजण आज महाविद्यालयात किंवा नोकरीत आहेत. त्यांच्यापैकी ज्या मुली पुढे आई होण्याचा विचार करीत असतील त्यांनी रुबेलाच्या दृष्टीने ही नोंद जरूर तपासावी, कारण गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत झालेला रुबेला गर्भाच्या डोळ्यांना, कानांना आणि हृदयाला इजा करतो, आणि ही लस गरोदरपणात देता येत नाही. लस घेतल्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी लागते.

दुसरी पायरी : राहिलेला डोस भरून काढणे

तारीख उलटली म्हणजे संधी गेली, असे समजून पुष्कळ पालक केंद्रात जायलाच संकोचतात. परिचारिका रागावेल ही भीतीही त्यात असते, आणि ती अगदीच निराधार असते असे मी म्हणणार नाही. तरीही जावे. सरकारी कार्यक्रमात पाच वर्षांपर्यंत राहिलेला डोस देता येतो. एकही डोस झाला नसेल तर पहिला लगेच आणि दुसरा किमान चार आठवड्यांच्या अंतराने दिला जातो. पाच वर्षांवरील मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. लस त्यांनाही घेता येते.

साधी सर्दी, किरकोळ खोकला, हलका ताप, सैल शौच, दात येणे किंवा चालू असलेले प्रतिजैविक औषध ही डोस पुढे ढकलण्याची कारणे नाहीत. अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलालाही ही लस देता येते. थांबण्याची खरी कारणे मोजकी आहेत : रुग्णालयात न्यावे लागेल इतका गंभीर आजार, आधीच्या डोसाला आलेली तीव्र ॲलर्जी, कर्करोगावरील उपचारांमुळे किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती फारच खालावलेली असणे. अलीकडे रक्त चढवलेले असल्यास तेही आधी सांगावे, कारण त्यामुळे डोसाची वेळ बदलावी लागते.

परदेशातून सुट्टीला येणाऱ्या मुलांचे वेळापत्रक वेगळे असू शकते. ब्रिटनमध्ये पहिला डोस वर्ष पूर्ण झाल्यावर देतात, त्यामुळे स्विंडनहून दहा महिन्यांचे बाळ घेऊन आलेल्या जोडप्याच्या बाळाला गोवराची एकही लस झालेली नसते, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो. अशा बाळाला प्रवासाआधी लवकर डोस द्यावा का, हे तेथील डॉक्टरांना तिकीट काढतानाच विचारावे. असा लवकरचा डोस नियमित दोन डोसांत मोजला जात नाही.

तिसरी पायरी : लसीच्या दिवशी

आपल्या आरोग्य केंद्राचा किंवा उपकेंद्राचा लसीकरणाचा वार आधी विचारून घ्यावा. ही लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते, सोबतच्या द्रावणात मिसळल्यावर ती चार तासांच्या आतच वापरावी लागते आणि एका कुपीत अनेक मुलांचे डोस असतात. कुपी कधी मिसळली, हे परिचारिकेला नम्रपणे विचारण्यात गैर काहीच नाही; वेळ सहसा कुपीवरच लिहिलेली असते. गर्दी नाही म्हणून त्या दिवशी कोणी परत पाठवले, तर पुढची नेमकी तारीख कार्डावर लिहून घेतल्याशिवाय निघू नये.

लस उजव्या दंडावर त्वचेखाली देतात. त्यानंतर अर्धा तास केंद्रातच बसावे, कारण अत्यंत दुर्मीळ अशी, सुमारे दहा लाखांत एक, तीव्र ॲलर्जी झालीच तर ती या वेळेत दिसते आणि तिच्यावरचे औषध तेथेच असते. पहिल्या डोसासोबत जीवनसत्त्व अ चा एक लाख युनिटचा डोस तोंडाने देतात, तोही चुकवू नये. ताप त्याच रात्री येतो असे नाही. या लसीचा ताप बहुधा सातव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान येतो, आणि काही मुलांना पुसट पुरळही येते. ती एक-दोन दिवसांत मावळते आणि तिच्यापासून इतरांना गोवर होत नाही. आठव्या दिवशीच्या या तापाची कल्पना आधी दिली नसेल, तर घरातली माणसे «लसीनेच गोवर आणला» असा निष्कर्ष काढतात आणि पुढचा डोस तेथेच अडतो.

चौथी पायरी : शंका असलेल्या माणसाशी बोलणे

ही पायरी मला सर्वांत अवघड वाटते, कारण शंका घेणारा माणूस बहुतेक वेळा घरचाच असतो आणि त्याचे बाळावर आपल्याइतकेच प्रेम असते. म्हणून सुरुवात माहितीने न करता प्रश्नाने करावी : नेमकी भीती कशाची आहे? उत्तरे वेगवेगळी निघतात आणि प्रत्येकाला वेगळे बोलावे लागते.

सासूबाई म्हणतात, «आमच्या वेळी सगळ्यांना गोवर आला, काय झालं?» त्यांना खोटे ठरवण्यात अर्थ नाही, कारण त्यांचा अनुभव खरा आहे. सुनेने इतकेच म्हणावे, «अहो आई, जे वाचले तेच आज सांगायला आहेत. तुमच्या वाड्यावर त्या काळात किती बाळं गेली, ते जरा आठवून सांगा ना.» माझ्या पाहण्यात या प्रश्नानंतर जुन्या बायका बराच वेळ गप्प बसतात आणि मग एखादे नाव घेतात. त्यानंतर आकडे सांगावेत : गोवर झालेल्या सुमारे वीस मुलांमागे एकाला न्यूमोनिया होतो, हजारात एकाच्या मेंदूला सूज येते, आणि हजारी एक ते तीन मुले दगावतात, कुपोषित मुलांत हे प्रमाण बरेच जास्त असते. शिवाय गोवर शरीराच्या प्रतिकारशक्तीची जुनी स्मृतीही पुसतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, गोवर झालेल्या मुलांनी इतर आजारांविरुद्ध मिळवलेली ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) गमावलेली आढळली. «आजार होऊन गेला की ताकद वाढते» ही समजूत म्हणूनच गोवराला लागू पडत नाही.

तरुण बापाला सहसा मोबाइलवर आलेल्या चित्रफितीने घाबरवलेले असते आणि त्यात लसीमुळे स्वमग्नता (ऑटिझम) येते असा दावा असतो. या भीतीचे मूळ १९९८ साली लॅन्सेट या नियतकालिकात अवघ्या बारा मुलांवर लिहिलेल्या एका लेखात आहे. तो लेख २०१० मध्ये मागे घेण्यात आला आणि मुख्य लेखक अँड्र्यू वेकफिल्ड यांची ब्रिटनमधील वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अनेक वर्षे पाठपुरावा करून २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यात लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नता वाढल्याचे आढळले नाही. मात्र इतके सांगून थांबू नये. स्वमग्नतेची लक्षणे दीड वर्षाच्या आसपास घरच्यांच्या लक्षात येऊ लागतात आणि दुसरा डोसही त्याच सुमारास असतो, त्यामुळे एकापाठोपाठ घडलेल्या दोन गोष्टींचा संबंध जोडावासा वाटणे स्वाभाविक आहे, हे मान्य केले की समोरचा माणूस ऐकतो.

तिसरी शंका देवीची. गोवर ही देवीची कृपा किंवा अवकृपा आहे, औषध दिल्याने ती रागावते, असे मानणारी घरे अजून आहेत. अशा घरात देवाला मध्ये आणून चेष्टा करणारा कार्यकर्ता लसीचे नुकसानच करतो. कौल लावायचा असेल तर लावावा, ग्रामदेवी सातेरीला नारळ ठेवायचा असेल तर ठेवावा, दारावर कडुनिंबाचा डहाळा बांधल्यानेही काही बिघडत नाही. फक्त लसीची तारीख आणि आजारी मुलाला डॉक्टरकडे नेण्याची वेळ त्यासाठी थांबवू नये. देवळातल्या भटजींनी किंवा गावच्या महाजनांपैकी एखाद्या जाणत्याने हे एकदा सांगितले, तर आपल्या दहा पत्रकांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

होमिओपॅथीच्या गोळ्या लसीला पर्याय नाहीत, एवढे एका वाक्यात सांगून पुढे जावे.

आणि एक शंका नसून ग्रह आहे : «हे आजार बाहेरून आलेल्या मजुरांच्या मुलांमुळे होतात.» बांधकामावरच्या, बोटींवरच्या आणि औद्योगिक वसाहतींतल्या कामगारांची मुले गाव आणि गोवा यांच्यामध्ये फिरत राहिल्याने त्यांचे डोस चुकतात, हे खरे आहे, पण त्यावर उपाय त्यांना दूर ठेवण्याचा नसून त्यांना केंद्रापर्यंत पोचवण्याचा आहे. घरमालक भाडेकरूची पोलिस पडताळणी करतात, तेव्हाच बाळाचे कार्ड आहे का, हे विचारणे सहज शक्य आहे. कन्नड किंवा हिंदी बोलणारा शेजारी सोबत दिला, तर त्या आईला केंद्रात जाणे फार सोपे होते.

पाचवी पायरी : ताप आणि पुरळ दिसल्यास

गोवराची सुरुवात जास्त ताप, कोरडा खोकला, वाहते नाक आणि लाल, पाणावलेले डोळे यांनी होते. तीन-चार दिवसांनी कानांच्या मागे आणि चेहऱ्यावर लालसर, सपाट पुरळ उठते आणि ती खाली धड व हातापायांवर उतरते. कांजिण्यांसारखे पाण्याचे फोड त्यात नसतात. गालांच्या आतल्या बाजूस पुरळाआधीच मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू शकतात.

असे मूल घेऊन थेट दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात बसू नये, कारण तेथे सहा महिन्यांची बाळे असतात. आधी फोन करावा, ताप आणि पुरळ असल्याचे सांगावे आणि बाहेर गाडीत किंवा मोकळ्या व्हरांड्यात थांबण्याची सोय विचारावी. डॉक्टरांनी रक्ताचा नमुना मागितला तर नकार देऊ नये. आपल्याकडे ताप आणि पुरळ असलेल्या प्रत्येक संशयित रुग्णाची नोंद व तपासणी होणे अपेक्षित असते, आणि पहिला रुग्ण लवकर ओळखला गेला तरच साथ लहान राहते.

गोवराच्या विषाणूवर थेट औषध नाही, पण उपचार आहेत. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा म्हणजे जीवनसत्त्व अ, लागोपाठ दोन दिवस दोन डोस : सहा महिन्यांखाली ५० हजार, सहा ते अकरा महिन्यांत १ लाख आणि वर्षावरील मुलांना २ लाख युनिट. तो डॉक्टरांकडूनच घ्यावा. घरी अंदाजाने देऊ नये, कारण जास्त मात्रा अपायकारक असते. हा डोस लसीला पर्यायही नाही. तापासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावे, ॲस्पिरिन देऊ नये. मुलाला अंधारात कोंडून, आंघोळ बंद करून, तेल-मासळी तोडून उपाशी ठेवण्याची जुनी पद्धत सोडावी. कोमट पाण्याने अंग पुसावे, डोळे स्वच्छ ओल्या कापडाने टिपावेत, अंगावरचे दूध चालू ठेवावे, आणि पेज, वरण-भात, शहाळ्याचे पाणी थोडे थोडे करून वारंवार द्यावे. पुरळ उठल्यापासून चार दिवस मुलाला शाळा, अंगणवाडी आणि समारंभांपासून दूर ठेवावे.

श्वास जोरात चालला असेल (वर्षाखालच्या बाळात मिनिटाला ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक), मूल पाणीही पीत नसेल, झटका आला असेल, गुंगीत असेल, तोंडात खोल फोड आले असतील किंवा बुबुळ धुरकट दिसत असेल, तर वाट न पाहता १०८ ला फोन करून जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) न्यावे. पुरळ मावळताना पुन्हा ताप चढला तर तेही धोक्याचे चिन्ह समजावे. न्यूमोनिया बहुधा अशाच वेळी लक्षात येतो.

सहावी पायरी : वाड्यावर रुग्ण सापडल्यास

रुग्णाच्या संपर्कात आलेल्या, लस न झालेल्या मुलाला संपर्कापासून ७२ तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. त्यामुळे बातमी कळल्यावर पहिला फोन केंद्राला करावा, नातेवाइकांना नंतर. लस देता न येणारी लहान बाळे, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसे यांच्याबाबत डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे, कारण त्यांच्यासाठी तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन सहा दिवसांच्या आतच उपयोगी पडते. साथीच्या भागात आरोग्य खाते पाच वर्षांखालील मुलांना एक जादा डोस देण्याचे ठरवू शकते, आणि अगदी लहान बाळांत रुग्ण वाढले तर सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही आधीचा एक डोस देते. २०२२ मध्ये मुंबईतील साथीच्या वेळी केंद्र सरकारने अशाच सूचना दिल्या होत्या. «आमच्या मुलाचे दोन्ही झाले आहेत, मग तिसरा कशाला» असे विचारणाऱ्याला वर केलेला हिशेब दाखवावा : दोन डोसांनंतरही काही मुले उघडी राहतात आणि ती कोणती, हे बाहेरून पाहून ओळखता येत नाही. नऊ महिन्यांआधी दिलेल्या डोसाच्या नोंदीसमोर कार्डावर «जादा» असे लिहून घ्यावे आणि नववा महिना संपल्यावर व नंतर दीड वर्षाच्या सुमारास ठरलेले दोन्ही डोस तसेच घ्यावेत.

पंचायतीच्या मोबाइल गटावर रुग्णाच्या घराचे नाव किंवा मुलाचा फोटो टाकू नये. असे एकदा झाले की पुढची तीन घरे आपल्या मुलाची पुरळ लपवतात. त्याऐवजी लसीकरणाचे ठिकाण, वार आणि वेळ एवढेच टाकावे, मराठी-कोकणीसोबत कन्नड व हिंदीतही, आणि ज्यांच्याकडे वाहन नाही त्यांना कोण नेणार, हे त्याच संदेशात लिहावे.